शब्दचर्चा : 'कीड' आणि 'कीटक' एकच का?

कोरेगावहून : नमस्कार मंडळी. तूर, हरभरा आणि आमच्याकडचा वाघ्या घेवडा यांवरच्या कीटकांची नोंद करायचं काम आमच्या गटाकडे आलंय. तक्ता गावातले शेतकरी आणि शाळेतली मुलं भरणार. मसुद्यावर 'कीड विविधता' असं शीर्षक आहे आणि खाली 'शत्रूकीड', 'मित्रकीड' असे दोनच रकाने. मला हे खटकतंय. शिवाय घाटेअळी तुरीवर सापडली तर काय लिहायचं? घाटा म्हणजे हरभऱ्याची शेंग, तुरीला घाटा कुठे असतो?

जतहून : ताई, छापायच्या आधी शीर्षक बदलाच. 'कीड' हा शब्द संस्कृत 'कीट'वरूनच आलाय, पण मराठीत तो नासाडीला चिकटला. दाताला कीड लागते, लाकूड किडतं, वांगं किडकं निघतं. दातात तर किडा नसतोच, तरी आपण कीडच म्हणतो. 'पिकावर कीड पडली' म्हणताना कुणी किडे मोजत नाही, नुकसान सांगतो. 'कीटक' म्हणजे सहा पायांचा जीव, मग तो पीक खावो की न खावो. उलट लाल कोळी आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच, पण पिकाची कीड मात्र आहे.

हा नुसता शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. तूर फुलावर आली की आग्या माश्या आणि काळे भुंगे फुलाफुलावर असतात. तुरीत परपरागीकरण, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जाणं, होतं ते त्यांच्यामुळेच. त्यांची नोंद 'कीड' म्हणून झाली, तर तक्ता वाचणारा पहिल्यांदा फवारणीचा पंप काढेल. ऐन फुलोऱ्यात!

आता घाटेअळी. घाटा हरभऱ्याचाच. अळीचं डोकं घाट्यात खुपसलेलं आणि मागचं अर्धं अंग बाहेर लोंबतंय, हे एकदा पाहिलं की नाव कसं पडलं ते सांगावं लागत नाही. पण हीच अळी तुरीवर 'शेंगा पोखरणारी', कपाशीवर 'हिरवी बोंडअळी' आणि टोमॅटोवर 'फळ पोखरणारी' होते. कीटक एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. नावं पिकागणिक बदलली. तेव्हा गावातलं नाव लिहा आणि शेजारी शास्त्रीय नाव देवनागरीत द्या, नाहीतर एका कीटकाच्या चार नोंदी होतील.

तुरीच्या शेंगेत दिसली ती प्रत्येक अळी हीच, असंही धरू नका. पिसारी पतंगाच्या अळीच्या अंगावर बारीक केस असतात. शेंगमाशीची अळी पांढरी, बिनपायांची, आतल्या आत दाणा खाते आणि शेंग वरून धडधाकट दिसते. म्हणून शेंगा सोलून बघायच्या, ही सूचना तक्त्यावरच छापा.

मिरजेहून : एक भर घालतो. साठवलेल्या मुगा-तुरीतल्या किड्याला काही जण 'सोंडकिडा' म्हणतात. सोंड असते ती गहू-तांदळातल्याला. कडधान्यातल्याला सोंड नाही, त्याला 'भुंगेरा' म्हणणंच बरोबर. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके ही त्याची अंडी. पुढे दाण्याला गोल भोक पडतं. त्याची लागण शेतात वाळत्या शेंगांवरच सुरू होऊ शकते, तेव्हा शेतातल्या तक्त्यातही त्याला जागा ठेवा.

कोरेगावहून : आणि 'मित्रकीड'? हा तर शेतीच्या पुस्तकांतही छापलेला असतो.

जतहून : रूढ आहे, मान्य. तरी मी 'मित्रकीटक' लिहीन, तोही चांगला वापरात आहे. हरभऱ्यावर कॅम्पोलेटिस नावाची बारीक गांधीलमाशी असते. ती लहान घाटेअळीच्या अंगात अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू अळीला आतून खातं आणि बाहेर येऊन पानावर कोष करतं. शेतकऱ्याचं एवढं काम करणाऱ्या जिवाला 'कीड' म्हणणं मला पटत नाही.

रकाने दोन नकोत, तीन करा : 'नुकसान करणारे', 'मित्रकीटक' आणि 'फुलांवर येणारे'. शीर्षक 'कडधान्य पिकांतील कीटक विविधता'. एकच कीटक दोन रकान्यांत आला तरी हरकत नाही. फुलपाखरू फुलावर बसतं आणि त्याचीच अळी शेंग खाते, असंही असतं.

'कामगंध सापळा' हा शब्द मात्र आहे तसाच ठेवा, फार नेमका घडवलाय. त्यात मादी पतंगाच्या गंधाचं आमिष असतं आणि फक्त नर पतंग येतात, म्हणून तिथल्या रकान्यात 'अळ्या' किंवा 'कीड' न लिहिता 'नर पतंग' लिहा.