बोरिक पावडर न लावता तांदूळ कसा टिकवायचा?

प्रश्न: सासूबाईंनी गावाहून 20 किलो इंद्रायणी पाठवलाय. काल डबा उघडला तर झाकणाच्या कडेने टोके (तांदळातले किडे) चालताहेत. बाळाचा मऊ भात याच तांदळाचा होतो, बोरिक लावायला हात धजत नाही. काय करू?

उत्तर: ताई, कडक उन्हात अजिबात घालू नका, दाण्याला चिरा जाऊन कणी होते. सावलीत पसरा, चाळा. कडुनिंबाचा पाला कडकडीत वाळवून पुरचुंडीत ठेवा. ओला राहिला तर बुरशी धरेल.

उत्तर: पाल्याने दाण्यातली अंडी मरत नाहीत. टोका दाणा पोखरून आत अंडं घालतो. बाळापुरते दोन किलो हवाबंद पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दाण्यांना पाणी सुटतं.

प्रश्नकर्ती: दोन किलो आत्ताच ठेवले. पाला जिन्यात वाळत घातलाय.