बीटीआरएफएसवर पोस्टग्रेस रांगतंय: नोकाऊ करू की एक्सटी४वर जाऊ?

राजेहो, मदत हवी आहे.

नागपूरच्या कळमन्यातल्या एका अडतदुकानाचा सर्व्हर सांभाळतो. ४ टीबीची एकच साधी हार्ड डिस्क, तिच्यावर बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत; एक्सटी४ ही तशीच दुसरी), वर पोस्टग्रेस डेटाबेस. निवड माझीच. लाइट केव्हाही जाते, मे महिन्यात यूपीएसची बॅटरी फुगली होती. चेकसम (डेटा बिघडला तर ओळखू देणारा पडताळणीचा आकडा) असला की रात्री झोप लागते. शिवाय दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत.

वर्षभर बरं चाललं. आता आंबियाची संत्री सुरू झाली आणि दोन मिनिटांत निघणारा खातेउतारा पंधरा मिनिटं घेतो. शेठजी रोज विचारतात, "काहून बाप्पा, मशीन झोपली का?"

फाइलचे तुकडे मोजणारं फाइलफ्रॅग चालवलं. पोस्टग्रेस मोठं टेबल १ जीबीच्या फाइलींत तोडतं ना, त्यातल्या एकाच फाइलचे ९० हजारांवर तुकडे! ८ केबीचं पान बदललं की ते जुन्या जागी न लिहिता नव्या जागी जातं, आणि जुनं पान स्नॅपशॉट धरून बसतो, हे कळतं. सलग वाचायला गेलं की डिस्कचं हेड इतवारीच्या बोळांत पत्ता शोधत भटकतं. पण चॅटर प्लस सी लावून नोकाऊ केलं, म्हणजे पान जुन्या जागीच लिहायला लावलं, तर चेकसमच जातो. मग हा खटाटोप कशाला केला?

प्रतिसाद १: भाऊ, डिस्क एकच आहे. तिथे बीटीआरएफएसचा चेकसम डेटा बिघडलाय एवढंच सांगणार, दुरुस्तीला दुसरी प्रत कुठे आहे? ते काम पोस्टग्रेसचे स्वतःचे चेकसमही करतात. आवृत्ती १२पासून डेटाबेस बंद करून ते नंतरही चालू करता येतात. नोकाऊ जुन्या भरलेल्या फाइलींना लागत नाही. नव्या रिकाम्या फोल्डरला लावा, मग डेटा त्यात कॉपी करा. आणि तासाचा स्नॅपशॉट ठेवलात तर सगळं व्यर्थ: प्रत्येक स्नॅपशॉटनंतर त्या पानावरचं पहिलं लेखन नव्या जागीच जातं. डेटाबेसला वेगळा सबव्हॉल्यूम (ज्याचे स्नॅपशॉट स्वतंत्र ठरवता येतात असा कप्पा) द्या, त्याचे स्नॅपशॉट बंद, बॅकअप पोस्टग्रेसच्या वॉल आर्काइव्हने (बदलांच्या नोंदी साठवून).

प्रतिसाद २: झेडएफएस या तिसऱ्या फाइलसिस्टिमकडे पळू नका. तिथे रेकॉर्डसाइझ, म्हणजे एका रेकॉर्डचा कमाल आकार, मुळात १२८ केबी. ८ केबीच्या पानासाठी अख्खा रेकॉर्ड पुन्हा लिहिला जातो. तो कमी केला तरी फिरत्या डिस्कवर तुकडे होणारच. आणि हो, तुकडे जोडणारा डीफ्रॅग चालवू नका.

धागाकर्ता: काल रात्रीच चालवला. म्हणून डिस्क ९६ टक्के दिसतेय का?

प्रतिसाद १: होय. स्नॅपशॉटशी वाटून घेतलेली जागा वेगळी झाली, एकाच डेटाच्या दोन प्रती झाल्या. आधी बाहेरच्या डिस्कवर डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घ्या, मग जुने स्नॅपशॉट उडवा. आजच.