३५०झेड: तिसरा गिअर कर्रर्र करतो. गिअरबॉक्स उघडू, बदलू की आणखी काही?

निळी_झेड
गाडी निसान ३५०झेड, २००३ चं मॉडेल, सहा गिअरची मॅन्युअल. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम चार हजारांच्या वर असले की कर्रर्र आवाज येतो आणि लिव्हर हातात थरथरते. सावकाश टाकला तर गुपचूप पडतो. सकाळी गाडी थंड असताना पाचवाही अडतो, गरम झाल्यावर मोकळा होतो. चौथ्यातून तिसऱ्यात उतरताना मधे रेस दिली तर काहीच तक्रार नाही. बाकीचे गिअर ठीक.

बजेट आधीच सांगते. नवीन गिअरबॉक्स आत्ता शक्य नाही. ऑइल, क्लचचं हायड्रॉलिक, सील एवढं जमेल. फार तर आहे तोच गिअरबॉक्स उघडून एखाद-दोन सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या रिंगा). गाडी रोजच्या वापरात नाही, पण अधूनमधून ट्रॅकवर जाते. विकायची नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नका.

घाटवळण
सीडी००९ गिअरबॉक्स टाका आणि विषय संपवा. सुरुवातीच्या झेडच्या गिअरबॉक्सला सिंक्रोचा त्रास आहे हे जगजाहीर आहे. निसानने त्यात सुधारणा करत करत सीडी००९ पर्यंत आणला आणि तो इतका दणकट निघाला की लोक भलत्याच गाड्यांमध्ये, भलत्याच इंजिनांमागे तोच लावतात. मी माझ्या झेडला नवा कोरा टाकला. तिसरा गिअर आता सात हजारला टाकला तरी हूं नाही की चूं नाही. जुन्यावर खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात.

निळी_झेड
@घाटवळण, नवीन जमणार नाही असं वर लिहिलंय ना.

घाटवळण
वाचलं. थोडे दिवस थांबा, पैसे साठवा, पण टाका तोच. अर्धवट काम करून दोनदा मजुरी देऊ नका.

टर्बो_तात्या
ट्रॅकवर जाता ना? मग सिंक्रोचा नादच सोडा. डॉग बॉक्स (मोठ्या दातांनी, म्हणजे डॉगनी, थेट गुंतणारा गिअरबॉक्स) बसवा. सिंक्रोच नाही तर झिजणार काय! माझ्या गाडीत आहे, क्लच न दाबता वर टाकतो.

शाफ्ट_आणि_शिम
तात्या, डॉग बॉक्सचे डॉग झिजतात आणि ते ठरावीक काळाने उघडून बघावे लागतात. हळूहळू चालवलं तर लवकर झिजतात, कारण तिथे गिअर ठामपणेच टाकावा लागतो. ताईंना ज्या कामाचा खर्च टाळायचा आहे, तेच काम तुम्ही त्यांना नियमित करायला सांगताय.

ताई, मी गिअरबॉक्सचीच कामं करतो. काहीही विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, दोष क्लचचा आहे की सिंक्रोचा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, सपाट जागेवर, क्लच पूर्ण दाबून तेच करा. बंद असताना मोकळे आणि चालू असताना सगळेच जड, किंवा पहिल्यात क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू बघते, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. तेव्हा सिंक्रोला नुसता गिअर नाही, अर्धवट फिरणारं इंजिनही थांबवावं लागतं. असा सिंक्रो नवा टाकला तरी तो झिजणारच.

दोन, डबल क्लच मारून बघा. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडा, परत क्लच, तिसरा. वर चढताना न्यूट्रलमध्ये आरपीएम पडू द्या, खाली उतरताना रेस द्या. असा टाकल्यावर आवाज पूर्ण गेला तर दोष बहुतेक त्याच गिअरच्या सिंक्रो रिंगचा. उतरताना रेस दिली की गप्प पडतो असं तुम्ही लिहिलंयच, त्यामुळे माझा कल तिकडेच आहे.

तीन, ऑइल काढा आणि बघा. नुसतं बदलू नका, बघा.

पाना_चौदा
रिव्हर्सची टेस्ट सगळ्यात सोपी. क्लच दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. खरखरला की क्लच खराब.

शाफ्ट_आणि_शिम
ती टेस्ट रिव्हर्सला सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्समध्येच खरी. सिंक्रो असेल तर क्लच चिकटत असला तरी तो आवाज झाकून टाकतो. आपल्या गाडीचं मॅन्युअल बघूनच ती टेस्ट करावी.

पाना_चौदा
वर्षानुवर्षं हीच टेस्ट करतोय, कधी चुकली नाही.

असो. ऑइलचं म्हणाल तर जीएल-५ टाका, ७५डब्ल्यू-९० (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा प्रकार, पुढचे आकडे दाटपणाचे). जीएल-४ पेक्षा वरचा ग्रेड आहे, गिअरला जास्त संरक्षण मिळतं. मी सगळ्या गाड्यांत तेच वापरतो.

मधली_लेन
नको! या गाडीला जीएल-४, ७५डब्ल्यू-८५ लागतं, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. जीएल-५ हा 'वरचा' ग्रेड नाही, काम वेगळं आहे. ते डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरसाठी. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं बरीच जास्त असतात. काही ऑइलमधली ती रसायनं तापल्यावर पितळेला खातात, आणि सिंक्रो रिंग पितळेच्या असू शकतात.

पाना_चौदा
आजकालची जीएल-५ पितळेला काही करत नाहीत. हे जुनं झालं.

शाफ्ट_आणि_शिम
दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण मुख्य मुद्दा घर्षणाचा आहे. सिंक्रो रिंग हा एक छोटा ब्रेकच असतो. ती गिअरवरच्या कोनवर (शंकूसारख्या भागावर) घासून गिअरचा वेग स्लीव्हच्या (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याच्या) वेगाला आणते, मगच दात गुंततात. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. कोनवरचा ऑइलचा थर ते कापतात. रिंग झिजली की हे आटे सपाट होतात, थर कापला जात नाही, रिंग घसरते. त्यात जास्त निसरडं ऑइल ओतलं तर रिंग आणखी घसरणार. पितळ सुरक्षित राहिलं तरी गिअर खरखरेलच. म्हणून जीएल-४. थंडीत पाचवा अडतो तोही याच कारणाने. गार ऑइल जाड असतं, थर लवकर हटत नाही. गरम झाल्यावर तो मोकळा होत असेल तर पाचव्याची काळजी सध्या नको.

गती_आणि_प्रीती
शॉर्ट शिफ्टर लावा. लिव्हरची चाल कमी झाली की गिअर पटकन आणि अचूक पडतो. माझ्या गाडीचा कायापालट झाला.

मधली_लेन
झिजलेल्या सिंक्रोवर शॉर्ट शिफ्टर उलटा पडेल. चाल कमी म्हणजे हाताचा जोर जास्त आणि रिंगला मिळणारा वेळ कमी. आधी सिंक्रो धड करा, मग हौस.

गती_आणि_प्रीती
माझा सिंक्रो धडच आहे. आणि हलकं फ्लायव्हीलही (इंजिनमागची फिरती चकती) टाकलंय, आरपीएम झटकन पडतात, वर टाकताना मजा येते. फक्त न्यूट्रलमध्ये खडखड वाढली. गिअरबॉक्स गेला म्हणून घाबरलो होतो, पण क्लच दाबला की आवाज बंद.

शाफ्ट_आणि_शिम
क्लच दाबल्यावर बंद होणारी खडखड हलक्या सिंगल मास (एकसंध) फ्लायव्हीलने येऊ शकते, कारण इंजिनचे हादरे गिअरपर्यंत पोचतात. पण क्लच सोडलेला असताना न्यूट्रलमध्ये घूंऽऽ असा एकसारखा आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल, तर तो इनपुट शाफ्टचा बेअरिंगही असू शकतो. उलट दाबल्यावरच सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. सगळ्यांनीच आपापल्या गाडीत ऐकून बघा.

काळा_धूर
मी माझा गिअरबॉक्स एका वर्कशॉपला दिला होता. नाव घेत नाही. नुसती तिसऱ्याची रिंग बदलली आणि 'झालं' म्हणाले. काही महिन्यांत पुन्हा तेच, परत पूर्ण उतरवावा लागला. तेव्हापासून जुना गिअरबॉक्स उघडण्यावरचा विश्वासच उडाला. सीडी००९ घ्या.

घाटवळण
हेच सांगतोय मी पहिल्यापासून.

शाफ्ट_आणि_शिम
@काळा_धूर, तुमच्याकडे काय झालं असावं ते सांगतो. गिअर खरखरतो तेव्हा नुसती रिंग झिजत नाही. स्लीव्हचे दात आणि गिअरचे गुंतायचे दात एकमेकांवर आपटतात. त्यांची टोकं मुळात छपरासारखी, दोन्ही बाजूंना उतरती असतात. आपटून आपटून ती बोथट होतात. बोथट दातांवर नवी रिंग टाकली तर थोडे दिवस बरं वाटतं. म्हणून उघडलाच तर रिंग, हब (स्लीव्ह ज्यावर सरकते तो भाग), स्लीव्ह आणि त्या गिअरचे दात चारही बघायचे. रिंग कोनवर दाबून रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजायची. ती मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली गेली की रिंग बाद. दात बोथट असतील तर गिअरही बदलायचा. हे आधी विचारून घ्या. 'फक्त रिंग' म्हणणाऱ्याकडे गिअरबॉक्स सोडू नका.

नवा_चालक
वापरलेला गिअरबॉक्स का नाही घेत? स्वस्त पडतो.

मधली_लेन
त्याच काळातल्या झेडमधून निघालेला असेल तर तोच आजार घेऊन येईल. टेबलावर पडलेल्या गिअरबॉक्सचा सिंक्रो हाताने कळत नाही, सगळे गिअर मऊच पडतात.

टर्बो_तात्या
लिव्हरवर हात ठेवून चालवायची सवय असेल तर ती सोडा. स्लीव्ह सरकवणारा फोर्क झिजतो. माझ्या मित्राचा तसाच गेला.

पाना_चौदा
नुसत्या हाताच्या वजनाने फोर्क झिजत नाही.

टर्बो_तात्या
झिजतो. फोर्क स्लीव्हला सतत टेकून राहतो.

शाफ्ट_आणि_शिम
सवय सोडलेली बरी. पण ताईंच्या तिसऱ्याचं कारण ते नाही.

निळी_झेड
आज ऑइल काढलं. @शाफ्ट_आणि_शिम, तुमच्याच क्रमाने गेले.

इंजिन बंद असताना सगळे गिअर मोकळे. चालू असताना किंचित जड, पण पहिल्यात गाडी सरकत नाही. क्लचचं फ्लुइड चहाच्या रंगाचं निघालं. ब्लीड केल्यावर (जुनं फ्लुइड आणि हवा काढल्यावर) पेडल वरच्या अंगाला पकडायला लागलं आणि पाचव्याचं अडणं कमी झालं. डबल क्लचने तिसरा पूर्ण गप्प.

ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लगदा होता, बोटांत चोळला तर कण लागत नव्हते. ट्रेमधलं ऑइल उन्हात धरलं तेव्हा सोनेरी चमक दिसली, बारीक भुकटीसारखी. तुकडा, कपची, सुईसारखं काही नाही. जुन्या सुती कापडातून गाळूनही बघितलं.

शाफ्ट_आणि_शिम
उत्तम काम केलंत. करडा लगदा ही नेहमीची झीज. सोनेरी भुकटी सिंक्रोची. पोलादी कपच्या किंवा दाताचा तुकडा निघाला असता तर गाडी हलवू नका म्हणालो असतो. तसं नाहीये, तुमच्याकडे वेळ आहे. भरताना फिलर बोल्टच्या काठापर्यंत भरा, साधारण २.९ लिटर बसतं. आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: आधी फिलर बोल्ट सैल होतो का बघा, मगच ड्रेन उघडा. ऑइल निघून गेलं आणि फिलर गंजून बसलेला, अशा गाड्या टो होऊन येतात.

माझं मत, आताच उतरवा. दातांची टोकं शाबूत असतील तर काम रिंग-स्लीव्हवर भागेल. जितकं खरखरेल तितका खर्च वाढेल.

घाटवळण
उतरवणारच असाल तर सीडी००९ बसवूनच टाका. मजुरी तीच.

काळा_धूर
+१. सीडी००९.

गती_आणि_प्रीती
आणि हलकं फ्लायव्हील.

निळी_झेड
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय. आत्ता उतरवत नाही.

क्लच प्लेट अजून घसरत नाही, पण बरीच चालली आहे. गिअरबॉक्स आता उतरवला तर क्लचसाठी पुन्हा उतरवावा लागेल, किंवा चालू क्लच फेकावा लागेल. त्यापेक्षा क्लच संपेपर्यंत अशीच चालवते. जीएल-४ भरलंय, हायड्रॉलिक नीट आहे. तिसऱ्यात प्रत्येक वेळी डबल क्लच, घाईत असले तरी. तोवर ट्रॅकवर नेणार नाही, कारण तिथे हात घाई करतोच. ऑइल लवकर पुन्हा काढून चमक वाढली का ते बघेन, कपची दिसली तर त्याच दिवशी गाडी उभी. मग गिअरबॉक्स एकदाच उतरेल: क्लच, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, इंजिनचं मागचं सील, इनपुट शाफ्टचं सील आणि तिसऱ्याचं पूर्ण काम. गाडीचा मूळ गिअरबॉक्स मला गाडीतच हवाय.

शाफ्ट_आणि_शिम
मी आताच उघडला असता. पण डबल क्लच खरोखर प्रत्येक वेळी मारणार असाल तर हिशेब चुकीचा नाही. तिसऱ्यातून गिअर आपोआप बाहेर पडायला लागला तर मात्र वाट बघू नका, तेव्हा दातच गेलेले असतात.

घाटवळण
तरीही सांगतो, शेवटी सीडी००९ वरच याल.

नवा_चालक
इथेच विचारतो. माझी ३७०झेड आहे, सिग्नलला क्लचचं पेडल खालीच राहिलं, पायाने वर ओढलं. तेही सिंक्रोचं का?

मधली_लेन
नाही. ३५०झेडचा स्लेव्ह सिलिंडर (फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा) बाहेर असतो, ३७०झेडचा बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या खोळीच्या) आत, शाफ्टभोवती. तो गळायला लागला की पेडल असंच खाली राहतं. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरकडूनही होऊ शकतं, आधी तिथली गळती बघा. फ्लुइडची पातळी आत्ताच बघा, उतरली असेल आणि बाहेर कुठे ओल नसेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.