देवमासे पाहायचे की ऐकायचे?

क्षितिजरेषा:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, समुद्रात मायक्रोफोन बुडवून देवमाशांची गाणी ऐकत बसणे ही करदात्यांच्या पैशांवरची मौज आहे. देवमासा दिसला तर आहे, नाही तर नाही. हे इतके खटकले की सविस्तर उत्तर देणे भाग आहे. निळा देवमासा श्वास घेण्यापुरता वर येतो. रात्री किंवा खवळलेल्या समुद्रात त्याला पाहणार कोण? त्याचा खर्जातला आवाज मात्र पाण्यातून शेकडो किलोमीटर जातो. अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटाजवळ बसवलेल्या हायड्रोफोनांच्या, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनांच्या, जुन्या नोंदी तपासताना निळ्या देवमाशांचे एक वेगळेच गाणे वर्षानुवर्षे ऐकू येत असल्याचे आढळले, आणि 2021 मध्ये त्यावरून एका स्वतंत्र समूहाचे अस्तित्व मांडले गेले. दुर्बीणवाल्यांनी तोवर काय पाहिले होते?

रोखठोक:
ते सदस्य मीच, आणि मत कायम आहे. हंपबॅक या जातीच्या देवमाशांत गाणे फक्त नर गातात. माद्या आणि पिल्ले या गाण्यांच्या नोंदींत सापडणारच नाहीत. एकच नर रात्रभर गायला की चार नर पाळीपाळीने, हे एका हायड्रोफोनवरून कसे सांगणार? ओमानजवळच्या हंपबॅकांची संख्या शंभराच्या आत असावी, हा गाजलेला अंदाज शेपट्यांच्या छायाचित्रांवरून काढला आहे. तेथे कॅमेराच कामी आला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

बंदरकर:
दोन्ही पक्षांना एक विचारतो. माझे वडील रत्नागिरीच्या समुद्रात आयुष्यभर मासेमारी करत आले. पाण्याचे फवारे त्यांनी कितीदा पाहिले, पण एकाही अभ्यासकाने बंदरावर येऊन ते वहीत टिपले नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू किनाऱ्याला लागले, तेव्हा मात्र साऱ्यांनाच देवमासा आठवला.

क्षितिजरेषा:
बंदरकर, तक्रार रास्त आहे, परंतु दूरच्या फवाऱ्यावरून जात नेमकी ठरवणे अवघड असते. शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात नोंद कोण करणार?

बंदरकर:
बंदी आम्हाला शिकवू नका, साहेब. ती आमच्याच पोटावर येते. उरलेले दहा महिने आम्ही समुद्रातच असतो, ते कोणाच्या हिशेबात आहेत? फवाऱ्याचा आकार, पाठीवरचा पर, बुडताना शेपूट वर येते की नाही, हे वडील न अडखळता सांगतात. यंत्राला पगारी माणूस मिळतो आणि आमच्या माणसाला साधा चहाही नाही.

रोखठोक:
बंदरकरांशी पूर्ण सहमत, आणि माझा मुद्दाही तोच होता.

क्षितिजरेषा:
मुळीच नव्हता, आपण खर्चावर बोलत होता. संख्येसाठी छायाचित्रे लागतात, हे मान्य. पण कोणत्या महिन्यांत शोध घ्यायचा, हे आवाजाच्या नोंदींतूनच कळते. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळच्या ध्वनिमुद्रणांत निळ्या देवमाशांचे गाणे सापडले, ते तेथे बोटीवर कोणी कायम पहारा देत होते म्हणून नव्हे.

रोखठोक:
ठीक आहे, पावसाळ्यापुरता आपला हायड्रोफोन मंजूर. मात्र तो आधीच, मे महिन्यात, बंदरकरांच्या होडीतून सोडावा आणि भाडे रोख द्यावे, म्हणजे करदात्याचा थोडा पैसा तरी कोकणात राहील.

बंदरकर:
भाडे नंतर बघू. आधी वडिलांना भेटायला कोण येणार, ते सांगा.