२४ गिगाहर्ट्झ डॉपलर मॉड्युल: श्वासाचा सिग्नल हवाय, ॲम्प्लिफायर रेलला चिकटतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

झोपलेल्या माणसाचा श्वास अंगाला काहीही न लावता डॉपलर रडार मॉड्युलने (परतलेल्या लहरींवरून हालचाल टिपणारं) मोजायचा आहे. आजारी माणसाला रात्रभर पट्टे आणि वायरी नकोशा होतात, म्हणून हा खटाटोप. चालणारा माणूस स्कोपवर स्वच्छ दिसतो. सेकंदाला एक मीटर वेगाला साधारण १६१ हर्ट्झ, हिशोब जुळतो. अडलंय ते श्वासापाशी.

मॉड्युलच्या आयएफ आउटपुटनंतर (पाठवलेल्या आणि परतलेल्या लहरींतला फरक) ऑप-अँप ॲम्प्लिफायरचे दोन टप्पे आहेत, ४० आणि २० डीबी (१०० आणि १० पट). सिंगल ५ व्होल्ट सप्लाय, बायस (सिग्नल नसतानाची पातळी) २.५ वर. श्वास ०.२ ते ०.३ हर्ट्झचा, म्हणून दोन्ही टप्प्यांना हायपास फिल्टर (त्याखालचं अडवणारा) ०.१ हर्ट्झवर: १० मायक्रोफॅरड आणि १६० किलोओहम. माणसाने कूस बदलली की आउटपुट रेलला (सप्लायच्या टोकाला) जातं आणि खाली यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात तीन-चार श्वास हातचे गेले! कटऑफ वर सरकवला तर श्वासच कापला जातो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचाही संशय आहे. एक मायक्रोअँपिअर गळती धरली तरी १६० किलोओहमवर ०.१६ व्होल्ट, ते शंभरपट झालं म्हणजे पहिल्याच टप्प्यात सगळी हेडरूम (रेलपर्यंतची मोकळी जागा) संपली. १ मायक्रोफॅरड फिल्म आणि १.६ मेगाओहम लावता येईल, पण तिथे सीमॉस इनपुटचाच (नगण्य इनपुट करंटचा) ऑप-अँप लागेल, आणि टाइम कॉन्स्टंट तोच राहिल्यामुळे सावरायचा वेळ काही कमी होणार नाही.

चोकवाली ट्यूबलाइट लावली की १०० हर्ट्झ दिसतो. मॉड्युलच्या तोंडाशी धातूचा पत्रा धरला की जातो, म्हणजे तो वायरीतून येत नाही, नळीवरून परावर्तित होऊन येतो. दुसऱ्या टप्प्यातला लोपास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) तो दाबतो. पहिल्या टप्प्याचं काय करावं?

शिवाय मॉड्युलला आउटपुट एकच. तरंगलांबी १२.४ मिलिमीटर, त्यामुळे अंतरात दर ३.१ मिलिमीटरला (पाव तरंगलांबी) नल पॉइंट, म्हणजे हालचाल जवळजवळ न दिसणारी जागा. छाती नेमकी तिथे आली की सिग्नल बारीक होतो आणि श्वास दुप्पट वेगाने चालल्यासारखा दिसतो. यावर आय आणि क्यू (९० अंश फेजफरकाची दोन आउटपुट) दोन्ही देणारं मॉड्युल घेण्यावाचून उपाय दिसत नाही.

मुख्य प्रश्न असा: पहिल्या टप्प्याचा गेन २० डीबीवर आणून, कपॅसिटर काढून, डीसीसकट सिग्नल थेट २४ बिट सिग्मा-डेल्टा एडीसीला (सिग्नलचे आकडे करणारी चिप) द्यावा आणि ऑफसेट सॉफ्टवेअरमध्ये वजा करावा का? की डायोडने क्लॅम्प करून (व्होल्टेज मर्यादेत अडवून) किंवा ॲनालॉग स्विचने रेझिस्टर तात्पुरता शॉर्ट करून हेच सर्किट लवकर सावरतं? एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला फ्लिकर नॉइजसाठी (फ्रिक्वेन्सी कमी तसा वाढणारा नॉइज) झीरो-ड्रिफ्ट ऑप-अँपने (स्वतःचा ऑफसेट सतत दुरुस्त करणारा) फरक पडतो, की मॉड्युलमधल्या मिक्सर डायोडचाच नॉइज वरचढ ठरतो? कुणी प्रत्यक्ष बांधलं असेल तर पहिल्या टप्प्याच्या किमती जरूर सांगा.