चेहऱ्यांवर पाय देऊन चालायचं? मला नाही पटलं

वाटसरू: बर्लिनच्या ज्यू म्युझियममध्ये मेनाशे कादिशमान या इस्रायली शिल्पकाराचं 'शालेखेत' हे शिल्प आहे, म्हणजे पानगळ. उंचच उंच काँक्रीटच्या भिंतींमधली अरुंद जागा आणि खाली जाड लोखंडातून कापलेले १०,००० च्या वर चेहरे, सगळ्यांची तोंडं उघडी. त्यावरून चालत जा म्हणे! मी काठावरच थांबले. आपल्याकडे वहीला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो आणि इथे मारल्या गेलेल्या माणसांच्या तोंडावर बूट? माझ्यासमोर शाळेची पोरं खणखणाट करत गेली, दोघं तर मुद्दाम उड्या मारत होती. याला आठवण काढणं कसं म्हणायचं?

निशिगंध: मी चाललोय त्यावरून. ते पत्रे सपाट बसत नाहीत, तोल जातो, म्हणून खाली बघावंच लागतं आणि खाली बघितलं की चेहरा. पाच-सहा पावलांत स्वतःच्याच पायांचा आवाज नकोसा झाला मला. काचेच्या पेटीत असते तर फोटो काढून पुढे गेलो असतो, खरं सांगतो. आणि ते फक्त होलोकॉस्टपुरतं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारापुरतं नाहीये, युद्ध आणि हिंसेच्या सगळ्याच बळींना अर्पण केलंय.

कोकणकडा: पायाचा मुद्दा फक्त आपल्याच संस्काराचा नाही हां. जर्मन कलाकार गुंटर डेम्निगचे 'अडखळण्याचे दगड' बघा, दगडावर १० सेंटिमीटरची पितळी पाटी, नाझींच्या छळाला बळी पडलेला माणूस जिथे राहायचा त्या दारासमोर फुटपाथमध्ये बसवलेली. म्युनिकमध्ये शार्लोट क्नोब्लोख यांनी ठाम विरोध केला, त्या स्वतः होलोकॉस्टमधून वाचलेल्या, म्हणाल्या ही नावं पायदळी तुडवली जातील. २००४ मध्ये तिथल्या नगर परिषदेने सार्वजनिक जागेत दगड नाकारले. २०१८ पासून तिथे भिंतीवर नाहीतर खांबावर, डोळ्यांच्या उंचीला पाट्या लावतात. ज्यांची माणसं गेली त्यांचं ऐका ना आधी.

निशिगंध: पण त्यांचं तरी एकमत कुठंय? म्युनिकमध्येच काही नातेवाइकांना दगडच हवे होते, कोर्टात गेले ते. आणि नाव वाचायचं तर वाकावं लागतं, पितळ काळं पडलं की लोक गुडघ्यावर बसून घासून काढतात. हा अपमान वाटतो तुम्हाला?

वाटसरू: नाही, दगडाचं पटतं मला, कारण त्यावर नाव आहे, जन्मसाल आहे, पुढे त्या माणसाचं काय झालं ते आहे. शालेखेतमधल्या चेहऱ्यांना नावच नाही हो. ज्यांची नावं काढून नंबर गोंदले त्यांना परत बिननावाचंच ठेवायचं आणि वर चालायचं, हे कसं सहन करू? काठावरच्या एका चेहऱ्याला वाकून हात लावला मी, गारठलेला होता. पाय नाहीच ठेववला.