मदत हवी आहे: जुन्या अमेरिकन खरेदीखताची चतुःसीमा जुळत नाही

मॅसॅच्युसेट्समधलं 1741/42 चं खरेदीखत नकाशावर उतरवतोय. (दुहेरी सालाचं कोडं सुटलंय, तेव्हा तिथे नवं वर्ष 25 मार्चला लागायचं.) शेजाऱ्याने शेजाऱ्याला 12 एकर 'कमीजास्त' कुरण विकलंय. विकणाऱ्याच्या बायकोने जमिनीवरचा आपला हक्क सोडलाय, सहीच्या जागी तिची फुली.

सुरुवात एका पांढऱ्या ओकपासून. तिथून 38 पोल दगडांच्या ढिगापर्यंत, मग ओढ्याने 52 पोल, पुढे दोन रेघा आणि परत ओक. 1 पोल म्हणजे साडेसोळा फूट धरून ग्राफ पेपरवर काढलं, तर शेवटची रेघ ओकच्या 4 पोल अलीकडेच थांबते. 4 पोल म्हणजे बरोबर एक साखळी, 66 फूट! मोजणाऱ्याची एक साखळी मोजायची राहिली की काय?

होकायंत्राची उत्तर तेव्हापासून सरकलीय, पण त्याने अख्खा आकार फिरेल, फट पडणार नाही. मूळ कागद नाही, नोंदवहीतली नक्कलच आहे. शेजारच्या खतात नुसतं 'अमक्याची जमीन' लिहिलंय.

ओढ्याची बाजू मी सरळ धरलीय. त्या काळी 'ओढ्याने 52 पोल' हे अंतर वळणावळणाने मोजायचे, की टोकापासून टोकापर्यंत सरळ?